‘आम्ही’ आणि ‘आपण’

परवा ऑफिसात डबे उघडले होते तेवढ्यात आईचा फोन आला. तिला म्हटलं, “आम्ही रविवारी येतो, मग आपण सगळे मिळून रामटेकले जाऊ.” शेजारी कानपूरचा सहकारी बसला होता. नागपुरात येऊन त्याला दोन वर्षं झाली, मराठी बऱ्यापैकी कळायला लागलंय. तो म्हणाला, “ताई, आधी आम्ही, मग आपण, असं का? दोन्हीचा अर्थ ‘हम’च ना?”

माझा घास हातातच राहिला. जन्मभर हे दोन शब्द वापरतेय, पण असा विचार कधी केला नव्हता. घरी येणाऱ्यांत आई नाही, म्हणून ‘आम्ही’. रामटेकला जाणाऱ्यांत आई आहे, म्हणून ‘आपण’. हिंदीतलं ‘हम’ हे सांगतच नाही. त्याच्या गावाकडे तर एकटा माणूससुद्धा स्वतःला ‘हम’ म्हणतो.

रात्री वाचत बसले. संस्कृतात दोन्हीला एकच, ‘वयम्’. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’. म्हणजे आपला ‘आपण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘आत्मन्’वरून आला, पण त्याला हे काम लागलं ते द्राविडी भाषांच्या शेजारामुळे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या की एकमेकींसारख्या होतात, हे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारताबद्दल मांडलं होतं. मला यातलं सगळ्यात भावलं ते हे: ‘टेबल’सारखा शब्द कोणीही उसना घेतं. पण ‘आपल्यात कोण कोण’ हे मोजायची रीत उचलायची तर एका बांधावर, एका बाजारात, कदाचित एका घरात दोन्ही भाषा बोलणारी माणसं हवीत. ती माणसं आपलेच पूर्वज!

आणि लांब कशाला जायचं? मेळघाटातली कोरकू ही मुंडा भाषा, संथाळीची बहीण, आणि दूरच्या नात्याने कंबोडियाच्या ख्मेरची. तिच्यात तर ‘तू आणि मी दोघं’ वेगळं आणि ‘तुला सोडून आम्ही दोघं’ वेगळं. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, जेमतेम दोन-अडीच हजार माणसं. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. जनगणनेच्या यादीत दहा हजारांखालच्या भाषांची नावं वेगळी छापतच नाहीत, म्हणून ती तिथे दिसत नाही. मराठी, तेलुगूसारखीच द्राविडी असलेली गोंडी, कोरकू, निहाली: एका विदर्भात चार वेगळी मुळं. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, आणि हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शाळेत कोणी सांगितलं नाही याचं खरंच वाईट वाटतं.

गोंडीचं तर फार लागतं. हे नागपूर शहर छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने वसवलं, १७०२च्या सुमारास. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत. त्याच जनगणनेत बोडो बोलणारे १५ लाखांच्या आत. बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आहे, आणि ती असायलाच हवी. मग गोंडी का नाही? बावीस भाषांत तिला जागा नाही हे मला अजिबात पटत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड पोरांना पहिलीपासून घरची भाषा पुस्तकात दिसली पाहिजे, आणि नागपूरच्या पोरांना निदान तिची ओळख तरी.

आमच्या ऑफिसात गडचिरोलीकडचा एक मुलगा आहे. काल त्याला विचारलं, “गोंडीत पाण्याले काय म्हणतात रे?” आधी तो लाजला, मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “येर.” तेलुगूत ‘एरु’ म्हणजे नदी, ओढा. त्याला ते सांगितलं तर डोळे मोठे करून बघत राहिला.

“घरी बोलता का अजून?”

“आई बोलते, ताई. फोनवर ती गोंडीत विचारते, मी मराठीत सांगतो.”