विंचूसुद्धा लिहून द्यावा लागतो

आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. कोथरूडचा जुना फ्लॅट विकायचाय, तर एजंटला दोन टक्के द्यायचे कशाला? "कुलूप उघडणार, पंखा लावून दाखवणार, एवढंच ना त्याचं काम!" असं धाकट्याचं म्हणणं. मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराला लागून असलेल्या चँडलरला राहते आणि आमचं इथलं घर मार्चमध्ये एजंटमार्फतच विकलं. त्यामुळे "ताई, तुमच्याकडे सगळं प्रोफेशनल असतं ना?" म्हणत मलाही ओढलं गेलं.

आधी पैशांचं. इथे वर्षानुवर्षं रीत अशी, की विकणाऱ्याने पाच-सहा टक्के द्यायचे आणि त्यातला साधारण निम्मा वाटा घेणाऱ्याच्या एजंटला जायचा. म्हणजे जो माणूस आपला भाव पाडायला बसलाय, त्याची फी आपणच भरायची! ऑक्टोबर 2023 मध्ये मिसूरीतल्या ज्यूरीने याला संगनमत ठरवलं. मग एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 41.8 कोटी डॉलरची तडजोड केली, आणि ऑगस्ट 2024 पासून घर बघायला जाण्याआधीच घेणाऱ्याने आपल्या एजंटशी फीचा लेखी करार करायचा, असा नियम आला. तरीही आमच्या व्यवहारात ती फी आम्हीच दिली. नाही म्हटलं असतं तर घेणाऱ्यांनी तेवढाच भाव कमी सांगितला असता. तेव्हा अमेरिकेचे गोडवे जरा बेतानेच गा.

पण आमच्या एजंट बाईने काम केलं, हेही खरं. घर बाजारात कधी काढायचं हे तिनेच ठरवलं. जुलैत पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना घरं बघत कोण फिरणार? मागचं अंगण पश्चिमेला नाही, हे तिने जाहिरातीत ठळक घातलं. वाळवंटात संध्याकाळचं ऊन अंगणात येतं की नाही, याला आपल्या वास्तुशास्त्राइतकं महत्त्व. (भारतीय गिऱ्हाईक दोन्ही विचारतं.) एसी किती वर्षांचा, छपराच्या कौलांखालचा थर शेवटचा कधी बदलला, याचे कागद तिने आधीच काढून घेतले.

मात्र मला खरी किंमत वाटली ती एका फॉर्मची. विकणाऱ्याने घराबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं त्यात लिहून सही करायची: छप्पर कधी गळलं, वाळवी लागली होती का, घरात विंचू दिसलेत का. आम्ही विंचवाला "हो" लिहिलं. शिवाय विम्याच्या दाव्यांचा पाच वर्षांचा इतिहास द्यायचा. नेहमीच्या करारात तपासणीला दहा दिवस मिळतात, त्यात घेणारा आपला माणूस आणून घर उलटंपालटं करतो. व्यवहार झाला की घर कितीला गेलं ते काउंटीच्या नोंदीत दिसतं. पुण्यातही इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, बघता येतो. पण त्यावरचा आकडा आणि टेबलाखालचा आकडा यांची बेरीज कुठे छापलेली असते?

घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा आलाय ना, असं दादा म्हणतो. आलाय, आणि महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, नोंदणीसाठी एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. पण एजंटाच्या नोंदणीची ती सक्ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरती. तीस वर्षं जुन्या सोसायटीतला आपला फ्लॅट त्यात येतच नाही. तिथे एकच एजंट दोन्हीकडून पैसे घेतो आणि दोघांनाही "तुमच्यासाठी खास" म्हणतो.

यात दोष निव्वळ त्याचा नाही. आपण एकाशी करार करत नाही. दहा जणांना नंबर देऊन ठेवतो आणि किल्ली वॉचमनकडे. मग जाहिरातीचा खर्च करून, कागद नीट लावून देण्याची मेहनत कुठला एजंट घेईल? उद्या अकरावा येऊन गिऱ्हाईक पळवणार, हे त्यालाही कळतं.

म्हणून माझं मत: दोन टक्के द्या, पण एकालाच, तीन महिन्यांपुरते, आणि समोरच्याकडून एक रुपयाही घेणार नाही असं लिहून घ्या. आणि मागच्या बेडरूमच्या भिंतीत दर पावसाळ्यात ओल येते, ते आपणही लिहून द्या. यावर धाकटा भडकला. "लिहिलं तर भाव पडेल!" पडेलच. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवा, तेवढा भाव आधीच उतरवा. नाहीतर भिंतीला रंग मारून एप्रिलमध्ये फ्लॅट दाखवायचा बेत आहे, तो ग्रुपवर सरळ मांडा. मी त्यावर सही करणार नाही.