हात कोरडे ठेवण्याची कार्यशाळा

तालुक्यातील विज्ञान शिक्षकांसाठी कृतियुक्त कार्यशाळा भरवण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर आपले अभिनंदन करायला हवे. पण त्याआधी आपल्याला सावध करणे अधिक गरजेचे आहे. पन्नासएक शिकल्यासवरल्या माणसांच्या हाती एकाच वेळी पाणी, काच आणि मेणबत्ती दिली की त्यांना प्रश्न पडू लागतात, आणि गटसाधन केंद्राने छापलेल्या वेळापत्रकात प्रश्नांसाठी रकाना नसतो. तेव्हा शिक्षकांचे हात कोरडे राहतील, अहवालातील छायाचित्रांत मात्र ते प्रयोगात बुडालेले दिसतील, अशी व्यवस्था लावणे हेच संयोजकाचे खरे कौशल्य होय.

उद्घाटन लांबवावे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ (श्रीफळ आपल्याकडे कोणाच्या तरी परसातलेच असते, त्यामुळे लेखापरीक्षणाचीही चिंता नाही) आणि प्रास्ताविक एवढ्यावर साडेअकरा सहज वाजतात. प्रमुख पाहुणे सिंधुदुर्गातील असतील तर हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला असे ते अभिमानाने सांगतील. त्या वेळी टाळ्यांत सामील व्हावे. हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर 1868 साली इंग्लंडमध्ये होते, सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली, आणि विजयदुर्गावर ते आले ते पुढे 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, हे एखाद्या शिक्षकाला ठाऊक असले तरी ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. पुरावा मागण्याची सवय विज्ञानाच्या कार्यशाळेत लागली, तर ती प्रवासभत्त्याच्या देयकांपर्यंत जायला वेळ लागत नाही.

सभागृह खाडीकडे तोंड असलेले नसावे. तसेच मिळाले तर पडदे ओढून घ्यावेत. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे शिक्षक, भिंतीवर चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाच्या सरकपट्ट्या दाखवत असताना खिडकीतून चिखलात टेकलेली होडी हळूहळू उचलली जाताना दिसली, तर मागच्या बाकावरचे कोणी गुरुजी हमखास बोलून जातात की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पाणी भरलेले असणार. इथपर्यंत ठीक आहे. पण लगेच दुसरे कोणी विचारतात की पाऊणच का, आणि मग चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, पाऊण तासाचा हिशेब त्याच्या जवळपास जातो, इथवर मंडळी आपली आपणच पोहोचतात. तज्ज्ञ मार्गदर्शकाला पुण्याहून बोलावून, आरामबसचे भाडे देऊन, त्याच्यासमोर असे घडू देणे आतिथ्याला धरून नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळू, कारण एखादा तरी करावाच लागतो. सर्वांचा लाडका प्रयोग मेणबत्तीचा आहे: थाळीत पाणी घ्यावे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करावी, तिच्यावर काचेचा पेला उपडा घालावा, ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण द्यावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. हे स्पष्टीकरण चुकीचे असले तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि परंपरेचा मान राखणे हाही शिक्षकी पेशाचा भाग आहे. मात्र प्रत्येक गटाला मेणबत्ती एकच द्यावी, ही सूचना मी हात जोडून करतो. कोणी शेजारच्या दोन गटांच्या मेणबत्त्या उसन्या घेऊन त्याच पेल्याखाली तीन पेटवल्या, तर पाणी आधीपेक्षा वर चढते. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मग जास्तीचे पाणी कशाने चढले? चौकस बाई असतील तर त्यांना हेही दिसेल की पेला घालताना कडेने बुडबुडे निघाले होते, आणि पाण्याने खरी उडी घेतली ती ज्योत विझल्यावर. म्हणजे ज्योतीने हवा तापून पसरली, थोडी बाहेर गेली, उरलेली निवताना आकसली आणि पाणी आत ओढले गेले. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतोच, आणि पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी मेणबत्ती विझते. एवढे सगळे चार आण्यांच्या मेणातून निघाल्यावर आपल्या सुलभकाने बघायचे कोणाकडे? तेव्हा मेणबत्त्या मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात.

निर्धोक प्रयोग हवा असेल तर शून्य सावलीचा घ्यावा. रत्नागिरीत सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुटी असते आणि ऑगस्टमध्ये सूर्य असल्याची केवळ अफवा असते. कितीही मनापासून शिकवला, तरी तो वर्गात होण्याची शक्यता फारच कमी.

जेवणाच्या सुटीत गाफील राहू नये. कोकम सरबताच्या पेल्यात कोणी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर फेस येऊन त्याचा लाल रंग बिघडतो, शेजारी हळद असते, बाहेर कुंपणाला जास्वंद फुललेली असते, आणि आम्ल-आम्लारी ओळखणाऱ्या दर्शकांचे आख्खे प्रकरण पत्रावळीवर उरकते. वाढप्यांना तशी कल्पना द्यावी.

एखादे वाचक गृहस्थ होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा दाखला देतील. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात शिक्षकांना प्रशिक्षणात मुलांचे प्रयोग स्वतः करायला लावत, उत्तर चुकले तर ते का चुकले यावर वाद घालू देत, आणि पुन्हा शाळेत गेल्यावर त्यांची विचारपूसही करत. त्यांना शांतपणे सांगावे की तो कार्यक्रम शासनाने 2002 मध्ये बंद केला. तो तीस वर्षे चालला होता, हे वजाबाकी येणाऱ्यांना कळेलच. आपण सांगायची गरज नाही.

समारोपाला प्रत्येक शाळेस साहित्यपेटी द्यावी आणि तिची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करण्यास बजावावे. त्या नोंदीपुढे पेटीला कुलूप लागते, कारण भिंग फुटले तर ते मुख्याध्यापकांच्या अंगावर येते, आणि फुटलेली वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचे, म्हणजे निर्लेखनाचे, कागद नव्या वस्तूच्या मागणीपेक्षा जास्त असतात. पुढचे काम पावसाळा करतो: जुलैपर्यंत आरशाचा पारा सुटतो, चुंबकसूचीला गंज धरतो आणि भिंगावर बुरशीची जाळी पसरते. जीवशास्त्राच्या दृष्टीने तीही निरीक्षणयोग्य आहे, पण पेटी उघडायची नाही हे ठरलेलेच आहे.

इतके करूनही एखाद्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या बाई पेटीची वाट न पाहता करवंटी, सायकलची जुनी ट्यूब आणि ओढ्याचे पाणी घेऊन मुलांकडून प्रयोग करवून घेत असल्याचे केंद्रप्रमुखांच्या भेटीत उघड होते. त्यांना कारणे दाखवा नोटीस वगैरे देऊ नये. त्यांचे जाहीर कौतुक करून पुढील वर्षासाठी तालुका सुलभक म्हणून नेमणूक द्यावी. त्या मग इतर शिक्षकांना कृतियुक्त अध्यापन शिकवत केंद्राकेंद्रांवर फिरतील, आणि त्यांची मुले दुसऱ्या गुरुजींच्या नजरेखाली, चार इयत्ता एका खोलीत बसून, पाठ्यपुस्तकातील प्रयोगाची आकृती वहीत उतरवून घेतील. आकृती पेन्सिलनेच काढावी आणि नावे उजव्या बाजूस द्यावीत, एवढे गुरुजींना आठवणीने कळवावे.