स्वस्त इंजिन, म्हणे!

घरी बांधलेल्या विमानासाठी परवडणारे आणि भरवशाचे इंजिन कोणते, असे विचारले की प्रत्येकाला आपल्या मोटारीचे इंजिन आठवते. "2 लाख किलोमीटर चालले, कधी कुरकुरले नाही!" अहो, सपाट रस्त्यावर ते आपल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा वापरत होते, विमानात त्याला 75 टक्के शक्तीवर तासन्‌तास राबायचे असते. शिवाय ते पूर्ण ताकद देते मिनिटाला 5000 हून अधिक फेऱ्यांना, आणि प्रोपेलरला हव्यात साधारण 2500. म्हणजे मध्ये गिअरपेटी आली, कंपने आली, रेडिएटर आला, वजन आले, आणि 'स्वस्त' हा शब्द मागच्या दाराने निघून गेला.

मग हलक्या विमानांसाठीच बनवलेले रोटॅक्स 912 घ्या म्हणे. उत्तमच आहे, फक्त तेवढ्या पैशांत उरलेले विमान दोनदा बांधून होईल! विमानाचे जुने लायकमिंग इंजिन "फार चाललेले नाही" म्हणून गळ्यात मारणाऱ्यांना, त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो आणि इंजिन वर्षानुवर्षे पडून राहिले की तेल निथळून तो गंजतो, हे ठाऊक नसते काय? न चालणे हाच त्याचा रोग, आणि तोच गुण म्हणून विकायचा!

राहिले हलके टू-स्ट्रोक इंजिन. ते अचानक बंद पडू शकते, असा इशारा खुद्द निर्मात्याच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तरीही "तसे काही होत नाही" असे छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ शेजारच्या आसनावर बसायला मात्र कधीच मोकळे नसतात.