रटगर्सचं उदाहरण यूसीएलएला का लागू होत नाही

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या वेळी मी लिहिलं होतं की लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स (म्हणजे आपसात मॅच खेळणारा आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणारा गट) सोडून लांबच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये जायला नको होतं. त्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या वाचकांचं म्हणणं असं की मी जुन्या आठवणींत अडकलोय, यूसीएलएचा खेळांचा विभाग तोट्यात होता, टीव्हीचा पैसा आला नसता तर छोटे खेळ बंद पडले असते, पॅक-१२ तिच्याच कारभाराने बुडाली, आणि आमच्या इथलं रटगर्स विद्यापीठ २०१४ मध्ये बिग टेनमध्ये गेलं तेव्हा कुठे आभाळ कोसळलं?

तोट्याचं तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. साचलेला तोटा १० कोटी डॉलरच्या वर गेला होता, आणि बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर ७ वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला, त्यातला वाटा सोडून द्या असं तोट्यातल्या विभागाला सांगणं सोपं नाही. पॅक-१२ च्या कारभाराचंही मान्य. २०१२ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं आणि ते डायरेक्टीव्ही या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपनीवर कधी आलंच नाही, मग लोक मॅच बघणार कुठे? पण तरीही ३० जून २०२२ ला यूएससी (लॉस एंजेलिसचंच दुसरं विद्यापीठ) आणि यूसीएलए यांनी बाहेर पडायचं जाहीर केलं आणि लॉस एंजेलिसचं अख्खं मार्केट गेलं, त्यानंतर त्या कॉन्फरन्सकडे टीव्हीवाल्यांना विकायला उरलं काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॅच दाखवण्याच्या हक्कांसाठी ॲपलची ऑफर टेबलावर असताना ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठंही निघून गेली, १९१५ पासूनची परंपरा असलेल्या कॉन्फरन्समध्ये शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोनच उरले. कारभार वाईट होता हे खरं आणि यूसीएलएच्या जाण्याने घाव बसला हेही खरं.

आता रटगर्स. हे उदाहरण मला अजिबात पटत नाही. रटगर्स बिग टेनमध्ये गेलं तेव्हा मेरीलँडही सोबत आलं आणि पेन स्टेट आधीपासून होतंच, म्हणजे दोघांकडेही सकाळी गाडीने निघून मॅच खेळून रात्री घरी येता येतं. यूसीएलएने सही केली तेव्हा गावातलं यूएससी सोडलं तर बिग टेनमधला सगळ्यात जवळचा शेजारी नेब्रास्का, सुमारे दोन हजार किलोमीटरवर! आणि तुमचं रटगर्स इथून जवळपास चार हजार किलोमीटर, पाच तासांचं विमान आणि वर घड्याळ तीन तास पुढे. आणखी एक गोष्ट, यूसीएलएमध्ये सेमिस्टर नाही, क्वार्टर आहे, शिकवणं जेमतेम दहा आठवडे. त्यात दोन-दोन दिवस करत वर्ग बुडाले की भरून काढायला वेळच राहत नाही हो.

अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं मी समजू शकतो, आठवड्याला एक मॅच, बहुतेक शनिवारी, आणि निम्म्या तरी घरच्या मैदानावर. पण व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा खेळतात. माझी भाची अशाच एका कॉन्फरन्स बदललेल्या विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते (नाव लिहीत नाही), रविवारची मॅच खेळून मध्यरात्री दोनला हॉस्टेलवर येते आणि सोमवारी आठचं लेक्चर असतं, तिच्या आईला फोन करायचा तर तो विमानतळावरून. तिच्या खेळाचा टीव्हीच्या त्या करोडो डॉलरशी संबंध काय?

तुम्ही विचारलंत, मग करायचं काय होतं? माझं म्हणणं एवढंच आहे की फुटबॉल एकटा पाठवायचा होता. हे स्वप्नरंजन नाहीये. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल आजही स्वतंत्र आहे आणि बाकीचे बहुतेक खेळ २०१३ पासून एसीसी कॉन्फरन्समध्ये आहेत. खुद्द यूसीएलएच्या वॉटर पोलोच्या टीम अजून पश्चिमेकडच्याच एमपीएसएफ कॉन्फरन्समध्ये खेळतात, कारण बिग टेनमध्ये तो खेळच नाही, म्हणजे एका विद्यापीठाचे खेळ दोन कॉन्फरन्समध्ये ठेवता येतात हे रोज डोळ्यांसमोर दिसतंय. डिसेंबर २०२३ मध्ये यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल कोच चिप केली यांनीच सांगितलं होतं की फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीच्यांना आपापल्या भागात खेळू द्या. कोचला कळतं ते ठरवणाऱ्यांना का कळू नये? फुटबॉल एकटा घ्यायला बिग टेन तयार झाली नसती असं तुम्ही म्हणाल, पण लॉस एंजेलिस त्यांना किती हवं होतं ते बघा, निदान मागून तरी बघायचं होतं.

आणि रीजंट्सनी (यूसीएलए आणि बर्कली दोन्ही चालवणारं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं मंडळ) १४ डिसेंबर २०२२ ला मंजुरी दिली ती कशी दिली ते आठवा. खेळाडूंच्या जेवणावर, अभ्यासाच्या मदतीवर, मानसिक आरोग्यावर जास्त खर्च करायचा, शिवाय मागे राहिलेल्या बर्कलीला वर्षाला २० लाख ते १ कोटी डॉलर द्यायचे, आणि पुढे आकडा ठरला तो पूर्ण १ कोटी. नुकसान कोणाचं होणार हे मंजुरी देणाऱ्यांना स्वच्छ दिसत होतं म्हणूनच या अटी आल्या ना?

आठवणींत अडकलोय म्हणालात, तर हो, थोडा आहे. एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) सॉफ्टबॉल स्पर्धा १९८२ ला सुरू झाली, त्यात यूसीएलएची १२ विजेतेपदं आणि ॲरिझोनाची ८. या दोघींची मॅच यूसीएलएच्या ईस्टन स्टेडियममध्ये बघायला ॲरिझोनाच्या टूसॉनहून आईवडील गाडी काढून यायचे, आजी-आजोबांना घेऊन. तेव्हा दोघी पॅक-१२ मध्ये होत्या, आता एक बिग टेनमध्ये आणि दुसरी बिग १२ या तिसऱ्याच कॉन्फरन्समध्ये. पोरीची मॅच बघायला येणारं ते कुटुंब पैशात कुठे मोजलं गेलं, मला तरी कुठल्याच हिशेबात दिसलं नाही.

तुमच्या घरापासून रटगर्सचं पिस्कॅटवे अगदी जवळ आहे. यूसीएलएच्या मुली तिथे खेळायला आल्या की नक्की जा, मॅचनंतर एखादीशी बोला, घरून कधी निघालीस आणि या आठवड्यात किती वर्ग बुडाले एवढंच विचारा, आणि ती काय म्हणाली ते इथे लिहा. मी वाट बघतो.