सावली सावलीने सिंगापूर

"सिंगापुरात बघायला आहे काय? मॉल आणि दंड!" असं कुणी म्हणालं की मी हल्ली वाद घालते. काही वर्षांपूर्वी घातला नसता, कारण तेव्हा मीही हेच म्हणत होते. एका टूर कंपनीबरोबर गेले होते, तीन रात्री चार दिवस. एसी बसमधून उतरा, मर्लायनच्या (म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या पुतळ्याच्या) तोंडातलं पाणी आपल्या ओंजळीत पडतंय असा फोटो काढा, चला परत बसमध्ये. सकाळी पावणेसातला बस निघायची तेव्हा बाहेर अंधार, आणि निम्मी मंडळी 'एवढ्या रात्री कशाला उठवलं' म्हणून फुगलेली.

त्यात कुणाची चूक नव्हती. तिथे सूर्यच सातच्या आगेमागे उगवतो आणि सातच्या आगेमागे मावळतो, बाराही महिने. विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर. शिवाय १९८२ पासून मलेशियाच्या जोडीने घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलेलं, त्यामुळे ऊन डोक्यावर येतं ते बाराला नाही, एकला. एवढं जरी आम्हाला कुणी सांगितलं असतं तरी सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर आम्ही पायी फिरलो असतो. आम्हाला नेमकं बारा ते तीन उघड्यावर उभं केलं होतं.

यंदा आईला घेऊन गेले. टूरबिर काही नाही, दोघीच. वय बाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि निघायच्या आधीच तिने बजावलं होतं, "मला उन्हात फिरवू नकोस गं बाई." या एका अटीमुळे मला ते शहर कळलं. कारण मी सावली शोधत चालायला लागले, आणि लक्षात आलं की हे अख्खं शहर त्याच कामाला लागलेलं आहे.

जुन्या भागापासून सांगते. चायनाटाउन, कम्पोंग ग्लाम, लिटल इंडिया इथल्या जुन्या दुकानघरांना पुढे पडवी असते. तिचं नाव 'फाइव्ह फूट वे'. रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२२ च्या नगररचनेत नियमच घातला होता की प्रत्येक घराने रस्त्याच्या बाजूला छप्पर असलेली वाट सोडायची आणि ती सलग राहिली पाहिजे. म्हणजे माझ्या दारातली पडवी माझी, पण चालायला सगळ्यांची. दोनशे वर्षांनी आम्ही दोघी त्याच नियमाच्या आडोशाने चालत होतो. नावात पाच फूट असले तरी कुठे सहा, कुठे त्याहून जास्त. आणि प्रत्येक मालकाने जोतं आपल्या मनाने बांधलेलं, त्यामुळे दर दहा पावलांवर एक पायरी वर, एक खाली. आईने रॅफल्सला चांगलंच सुनावलं.

नवीन शहराने तोच धागा पुढे नेलाय. सरकारी वसाहतींच्या इमारतींना, ज्यांना तिथे सगळे एचडीबी म्हणतात, तळमजला मोकळा सोडतात. 'व्हॉइड डेक'. आपल्याकडे अशा जागेत गाड्या उभ्या राहतात. तिथे म्हातारे बुद्धिबळ खेळत बसलेले असतात, कुणाचं लग्न लागतं, कुणाच्या मयताला माणसं जमतात. तिथून निघालेली छपराची वाट बसथांब्याला, बसथांब्यापासून एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला. २०१३ ते २०१८ या काळात अशा दोनशे किलोमीटर वाटा नव्याने बांधल्या म्हणे! मला तो आकडा तोआ पायो नावाच्या जुन्या वसाहतीत समजला. तिथे बघण्यासारखं 'पॉइंट' म्हणून काहीच नाही, म्हणूनच उतरलो होतो. आणि आभाळ फाटलं. विजांसकट. आई छत्री पिशवीतच ठेवून गेली चालत, चप्पल तेवढी ओली झाली.

झाडांबद्दल एक स्वतंत्र पोस्ट होईल, पण एकच सांगते. बोटॅनिक गार्डनला (१८५९ चं आहे, तिकीट नाही) गेलात तर पाच डॉलरची नोट जवळ ठेवा. नोटेच्या मागे जे झाड आहे ते टेम्बुसूचं झाड तिथे प्रत्यक्ष उभं आहे, जमिनीलगत आडवी गेलेल्या फांदीसकट. आई नोट हातात धरून दहा मिनिटं ताडून बघत होती. तिला ऑर्किडपेक्षा हेच आवडलं.

खाणं. ज्यांना 'आमचं शाकाहारी हो, कसं होणार' अशी धास्ती असते त्यांनी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जावं. वर छप्पर, पंखे, एसी नाही, शंभर प्रकारचे वास. तिथल्या चिनी शाकाहारी गाळ्यांवर ताट भरून मिळतं, मॉलमधल्या सँडविचहून कितीतरी स्वस्त. कॉफी मागायची त्यांच्या भाषेत: 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालून, 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोसोंग' जोडलं की बिनसाखरेची. पहिल्याच दिवशी आईने एका रिकाम्या टेबलावरचं टिश्यूचं पाकीट "अरे वा, फुकट ठेवलंय" म्हणत पर्समध्ये टाकलं. ते कुणीतरी जागा धरायला ठेवलेलं होतं! तिथे रुमाल टाकण्याऐवजी टिश्यू टाकतात, त्याला 'चोप' म्हणतात. पाकिटाचा मालक थाळी घेऊन आला, आम्ही मेल्याहून मेल्यासारख्या. तो हसला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

आता वादाचा मुद्दा. 'दंडाच्या भीतीने शहर स्वच्छ आहे' हे आपलं आवडतं निदान. दंड आहेत. एमआरटीत खाल्लं-प्यायलं तर पाचशे डॉलरपर्यंत, अशी पाटीच आहे. २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपली थाळी आपण नेऊन ठेवणं सक्तीचं आहे. पण तासभर एका जागी बसून बघा. टेबल कोण पुसतंय? पाठीत वाकलेली, सत्तरीची बाई. आईच्याच वयाची. तिथे अशांना सगळे 'अंटी' म्हणतात. आईने आपली थाळी तिला उचलू दिली नाही, आणि मग त्या दोघींत खाणाखुणांनी गुडघ्यांवर संवाद झाला. नंतर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं श्रीमंत शहर आणि ही बाई कामाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सावलीचंही तेच. ती झाडं छाटणारे, त्या छपराच्या वाटा बांधणारे हात बहुतेक बांगलादेशातले, तमिळनाडूतले. संध्याकाळी लॉरीच्या मागच्या उघड्या भागात दाटीवाटीने बसून घरी जाताना दिसतात. आम्ही गार बसमध्ये, ते शेजारच्या लेनमध्ये वाऱ्यावर. तिथे या लॉरींवर बरीच वर्षं वाद चाललाय. मला ते शहर आवडलं म्हणून हे सांगायचं नाही, असं कसं चालेल?

आईची एकच इच्छा होती, ती माझ्या जुन्या टूरच्या यादीत नव्हती. एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती याच शहरात, कॅथे इमारतीत. जुलै १९४५ मध्ये त्यांनी इथे स्मारकाची पायाभरणी केली; सप्टेंबरात इंग्रज पुन्हा इथे आले आणि त्यांनी ते पाडलं. आज आहे ती खूण १९९५ ची. मर्लायनपासून चालत अगदी थोडं अंतर. आमच्या बसने तेव्हा इथून दोनदा चक्कर मारली असणार, कुणी खिडकीकडे बोटसुद्धा दाखवलं नव्हतं.

आणि एक दिवस पुलाऊ उबिन या बेटासाठी ठेवाच. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून छोटी लाकडी बोट, माणशी चार डॉलर, रोख. पलीकडे जुनी घरं, सायकली, रानडुकरं. बोटीला वेळापत्रक नाही, बारा माणसं भरली की सुटते. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे आपण भरायचे. आम्ही अकरा होतो. धक्क्यावरच्या छपराखाली बाकं होती, बारावा माणूस यायला पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात आईची एक डुलकी काढून झाली.