त्या पोरीला आवाज येत होता

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितोय.

एम.एस्सी. करणारी एक मुलगी माझ्याकडे दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन आली. रात्री खोलीतली मैत्रीण झोपली की ही ब्राइटनेस पार खाली आणून अभ्यास करते. नेमक्या त्याच वेळी स्क्रीनच्या खालच्या कडेतून रातकिड्यासारखी बारीक किर्र सुरू होते. गावातल्या एका दुकानात दाखवलं. पॅनेल खराब म्हणून साडेपाच हजार घेतले, नवं बसवलं. किर्र तशीच. परत गेली तर उत्तर मिळालं, "ताई, आम्हाला काय ऐकू येत नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ नाहीत, भावांनो. त्या आवाजाला कारण आहे.

एलसीडीच्या मागे एलईडीची पट्टी असते. ब्राइटनेस कमी करताना बरेच लॅपटॉप त्या पट्टीचा करंट कमी करत नाहीत. ती सेकंदाला दोनशे वेळा, हजार वेळा, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त वेळा चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणतात. ३० टक्के ब्राइटनेस म्हणजे प्रत्येक फेरीत ३० टक्के वेळ उजेड आणि ७० टक्के वेळ अंधार. डोळ्याला नुसतं मंद दिसतं. पण एलईडीच्या माळेला साधारण तीस-चाळीस व्होल्ट लागतात, ते तयार करणारं बूस्ट सर्किट (कमी व्होल्टेज वाढवून देणारं) बहुतेक वेळा पॅनेलच्या खालच्या कडेच्या अरुंद बोर्डावर असतं, आणि त्याच्यावर लोड तितक्याच वेळा पडतो आणि सुटतो. तिथले तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर बेरियम टायटनेटचे असतात. हा माल व्होल्टेज बदललं की अगदी सूक्ष्म फुगतो आणि आकसतो. कपॅसिटर दोन्ही टोकांनी बोर्डाला सोल्डर केलेला, त्यामुळे तो ताणला की बोर्डही वाकतो. कणी एवढीशी, पण आवाज बोर्डाचा. हलगीत काडी आणि कातडं असतं, तसंच. कॉइलचं वायंडिंग ढिलं असेल तर तीही साथ देते.

बूस्ट सर्किट स्वतः काही लाख हर्ट्झवर चालतं, ते कानाला कळत नाही. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा. पीडब्ल्यूएमचे दोनशे किंवा हजार हर्ट्झ बरोबर त्यात बसतात. शिवाय चालू-बंद झटक्यात होतं, म्हणून त्याच्या पटीतले वरचे सूरही निघतात, आणि दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास आपला कान सगळ्यात तिखट. १०० टक्के ब्राइटनेसला चालू-बंद थांबतं, म्हणून किर्रही थांबते. एवढं त्या पोरीला कुणी सांगितलं असतं तर साडेपाच हजार वाचले असते!

उद्यमनगरातल्या कारखान्यात ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, चालणारी मोटर ऐकली असेल. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (तिथल्या चालू-बंदचा वेग) दोन-चार किलोहर्ट्झवर असली की मोटर शिटी घालते, वाढवली की शिटी जाते, ड्राइव्ह मात्र थोडा जास्त तापतो. तिथं शिटीसाठी कुणी मोटर बदलत नाही. मग इथं पॅनेल का बदललं?

दुकानात ऐकू आलं नसेल, हे मान्य. रस्त्याची वर्दळ, डोक्यावर पंखा, शेजारी हॉट एअरचा ब्लोअर. आणि वय वाढलं की वरचे सूर कमी होत जातात. पण मग "मला ऐकू येत नाही" एवढंच म्हणा. मनाचे खेळ म्हणायचा अधिकार कुणी दिला?

तपासणी घरीच होते. रात्री पंखा बंद करा, चार्जर काढा. वहीच्या कागदाची नळी करून एक टोक कानाला, दुसरं स्क्रीनच्या खालच्या कडेवरून सरकवा. ब्राइटनेस १००, ७५, ५०, २५ असा उतरवत जा. आवाज ब्राइटनेसबरोबर बदलला तर बॅकलाइट. पान सरकवताना किंवा माउस हलवताना बदलला तर मदरबोर्डवरची प्रोसेसरची कॉइल. चार्जर लावल्यावरच आला तर चार्जिंगचं सर्किट, नाहीतर अडॅप्टर. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊनही आवाज येत असेल तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. आणखी एक. ब्राइटनेस खाली ठेवून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. पुसट पंख्याऐवजी सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या, तर चालू-बंद डोळ्यांनी पाहिलंत.

उपाय साधा आहे. ब्राइटनेस जिथं किर्र थांबते तिथवर वर न्या (काही पॅनेल मध्यापर्यंत करंट कमी करतात आणि खालीच पीडब्ल्यूएम लावतात, म्हणून दर वेळी शंभरपर्यंत जायची गरज नसते). उरलेला अंधार पडद्यावर काळसर थर टाकणाऱ्या सॉफ्टवेअरने करा. बॅटरी जास्त जाते आणि काळा रंग राखाडी दिसतो, तेवढं सोसावं लागतं. इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपवर लिनक्समधून ग्राफिक्स चिपच्या रजिस्टरमधला आकडा बदलून पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी वाढवता येते. जास्त ताणलीत तर कमी ब्राइटनेसला पडदा विझतो किंवा फडफडतो, म्हणून थोडी थोडी वाढवा.

बेझल (स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट) उघडून ग्लू-गनने गोंद थापू नका, हात जोडून सांगतो. गोंद बोर्डावर टिकत नाही आणि उष्णताही अडते. आणि बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल काढली-घातली तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. मग किर्रही नाही आणि उजेडही नाही.

दुसऱ्या कंपनीचं पॅनेल बसवल्यावर आवाज गेला, असंही होतं. एलईडी चालवणारी ड्रायव्हर चिप वेगळी असते, कपॅसिटर वेगळे असतात. पण ते नशीब झालं, त्याला दुरुस्ती म्हणून पैसे घेऊ नयेत. खरी चूक तर आधीचीच. कपॅसिटर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले की कंपनं एकमेकांना मारतात, हे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी खोक्यावर पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी कुणी छापत नाही.

पोरीचा लॅपटॉप आता ७० टक्क्यांवर शांत आहे, बाकीचा अंधार सॉफ्टवेअरचा. यात धोका काही नाही, आग लागणार नाही, हे ऐकल्यावर तिचा चेहरा केवढा मोकळा झाला! पहिल्यांदा तिनं विचारलं, "म्हणजे खरंच येत होता ना आवाज?"

हो, येत होता. आणि ताई, तुझं जुनं पॅनेल चांगलं होतं. उद्या जाऊन ते परत माग.