पाटी दारावर की आत?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थोड्या महिन्यांनी तोच वाद उगवतो, दुसऱ्या धर्माच्या माणसाने देवळात यावं का. २०२३ च्या मे महिन्यात त्र्यंबकेश्वरला उरुसाची मिरवणूक देवळाच्या दाराशी आली, मिरवणूकवाले म्हणाले धूप दाखवायची जुनी प्रथा आहे, समोरून आरोप झाला की आत घुसत होते, सरकारने एसआयटी नेमली आणि इकडे आमच्या दोन मावसभावांनी एकमेकांना ब्लॉक केलं. मग नवरात्र आलं की गरब्याला आधार कार्ड बघायचं का हा पुढचा अंक. मी न्यू जर्सीतून काही लिहिलं की "तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला" हे ठरलेलं उत्तर.

तरी बोलतोच, कारण परवा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीच्या बात मिट्झवाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जाऊन आलो. मुलगी बारा-तेराची झाली की शनिवार सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचते, आपल्या मुंजीच्या जवळपासचंच, फक्त इथे बटूलाच खरं काम असतं, कारण त्या गुंडाळीत हिब्रूची स्वरचिन्हं नसतात, चालही लिहिलेली नसते, सगळं पाठ करूनच यावं लागतं. अक्षरांना बोट लावायचं नाही म्हणून टोकाला इवलंसं बोट असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवत पोरगी वाचत होती, आणि वाचून झाल्यावर सगळ्यांनी तिच्यावर चॉकलेटं फेकली, ती गोळा करायला बारकी पोरं बाकांखाली घुसली.

बाहेर पार्किंगमध्ये पोलिसांची गाडी, दारात बॅग तपासणी. असणारच. २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली गेली. २०२२ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या कॉलीव्हिलला तर थंडीत दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला रबायने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूने, आत घेऊन चहा दिला आणि त्यानेच प्रार्थना चालू असताना पिस्तूल काढून रबायसकट चौघांना ओलीस धरलं. तेव्हा "त्यांना काय भीती नाही, म्हणून उदारपणा परवडतो" हे ग्रुपवरचं लाडकं वाक्य निदान इथे तरी कोणी टाकू नका. एवढं होऊनही दारावरच्या माणसाने बॅग बघितली, यादीत नाव बघितलं, धर्म नाही विचारला.

आता दुसऱ्या पार्टीला न आवडणारी गोष्ट. आत गेल्यावर सगळं सगळ्यांना खुलं नव्हतं. डोक्यावरची गोल टोपी सगळ्या पुरुषांनी घालायची, टोपल्यात ठेवलेल्याच होत्या. गोंडेवाली शाल मात्र फक्त ज्यूंनी. तोरासमोर नाव पुकारून बोलावतात तेही फक्त ज्यूंनाच. फोन, फोटो बंद. तोरा ठेवलेलं कपाट उघडलं की उभं राहायचं, प्रार्थना नाही म्हटली तरी चालेल. हे सगळं एका छापील कागदावर होतं, आणि बायकोने शालीबद्दल विचारलं तर शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, ते आमचं आमच्यापुरतं. तिला जराही वाईट वाटलं नाही. का वाटावं?

म्हणजे माझं म्हणणं एवढंच, मर्यादा घालायचा हक्क ज्याचं घर त्याला आहे, पण ती गाभाऱ्यापाशी घाला, रस्त्यावरच्या दारात नको. दारात घातली की कोणीतरी माणसाचं आडनाव, दाढी, टिकली बघत उभं राहावं लागतं, आणि हे काम करायला जे हौसेने पुढे येतात ते कोण असतात ते आपण बघतोच. (अग्यारीत पारशी सोडून कोणाला घेत नाहीत, त्यावर माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. इतका छोटा समाज, मी तिथे गप्प बसतो.)

आणि हे अमेरिकेचं कौतुक म्हणून वाचू नका. आम्ही अलिबागचे. तिथे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, माणसं शेजारीच राहायची, आणि एलियाहू हनावी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने केलेल्या मलिद्याचे गोड पोहे, खोबरं, खजूर आजीच्या घरी डिशमधून यायचे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे, त्या रांगेत मंगळसूत्रं मोजून बघा. कोणी परवानगी विचारली नव्हती, कोणी एसआयटी नेमली नव्हती.

उलट आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत बघा. ऑफिसचे गोरे, काळे, चिनी लोक हौसेने येतात आणि त्यांना काही न सांगता थेट आरतीचं ताट हातात, कपाळाला कुंकू, चला फोटो. एकजण बिचारा कट्टर ख्रिश्चन, त्याला नाही म्हणता येईना. म्हणून ह्यावर्षी मीटिंगमध्ये म्हटलं, एक कागद छापू, चपला कुठे काढायच्या, आरतीला नुसतं उभं राहिलं तरी चालतं, कुंकू नको असेल तर हात जोडा, प्रसादात काजू आहे. एक काका लगेच, "कुंकू नको म्हणणाऱ्याने यायचंच कशाला?" त्यावर पाऊण तास गेला. कागद छापायचं ठरलंय, कुंकवाची ओळ अजून अडकलीय.